स्विच सर्वांत शेवटी

नवी मुंबईच्या ऐरोली-महापे पट्ट्यात डेटा सेंटरची नेटवर्क उभारणे हा माझा पोटापाण्याचा धंदा. बँका, विमा कंपन्या, सरकारी खाती यांच्यासाठी स्विच निवडायची आमची एक ठरलेली रीत असते. पोर्ट किती, वेग किती, सपोर्ट कुणाचा, दर काय एवढे विचारायचे, तीन-चार कोटेशने मागवायची, तक्ता करायचा, घासाघीस करायची आणि ऑर्डर सोडायची. त्या कामांत ही रीत खपून जाते, कारण तिथले नेटवर्क बहुतेक वेळ निवांत असते. जीपीयूच्या खोलीत तीच रीत अंगाशी येते. कशी येते ते एका कामावर मी जवळून पाहिले. एआयसाठी इथरनेट स्विच घ्यायला निघालेल्यांच्या उपयोगी पडावे म्हणून ते इथे मांडतो.

कंपनीचे नाव सांगत नाही. मांडणी अशी होती: 32 सर्व्हर, प्रत्येकात आठ जीपीयू, म्हणजे एकूण 256. प्रत्येक जीपीयूला स्वतःचे 400 गिगाबिटचे नेटवर्क कार्ड. आठ रॅक, एका रॅकमध्ये चार सर्व्हर. उभारणीचे काम आमच्याकडे आले तेव्हा खरेदी उरकली होती. सर्व्हर एका विभागाने ठरवले, स्विच दुसऱ्याने, केबल कंत्राटदाराने. प्रत्येकाचा तक्ता आपापल्या जागी चोख होता. 400 गिगाबिटचे 64 पोर्ट असलेले, म्हणजे 25.6 टेराबिटचे बारा स्विच आले होते. आठ रॅकच्या माथ्यावर आठ आणि त्यांना जोडणारे वरच्या थरातले चार. खालच्या प्रत्येक स्विचचे 32 पोर्ट सर्व्हरकडे, 32 वरच्या थराकडे. जेवढे आत तेवढेच बाहेर. कागदावर कुठेही कोंडी नव्हती, आणि टेराबिटमागे दर सर्वांत कमी होता.

चारशे आणि चारशे जुळत नाहीत

रॅकच्या आतल्या जोडण्यांसाठी तांब्याच्या केबल आल्या होत्या. स्वस्त, वीज जवळजवळ न खाणाऱ्या, आणि सहसा कधी न बिघडणाऱ्या. पहिल्या रॅकला त्या लावल्या आणि आमचा पोरगा म्हणाला, "सर, लिंक लागत नाहीये." केबल बदलली, पोर्ट बदलला, सर्व्हर बदलला, तेच. वेग जबरदस्तीने 200 वर उतरवला तेव्हा कुठे दिवा हिरवा झाला.

खरेदी विभागाचे साहेब खाली आले. म्हणाले, "अहो, स्विच चारशेचा, कार्ड चारशेचे, केबलवरही चारशे लिहिलंय. अडचण कुठे आहे?"

अडचण लेनमध्ये होती. 400 गिगाबिटचा पोर्ट आतून काही समांतर तारांचा, म्हणजे लेनचा, बनलेला असतो. 25.6 टेराबिटच्या पिढीतल्या स्विचमध्ये, उदाहरणार्थ ब्रॉडकॉमच्या टॉमहॉक 4 चिपवर, एक लेन सहसा 50 गिगाबिटची असते. अशा आठ लेन मिळून 400. 2022 मध्ये जाहीर झालेल्या टॉमहॉक 5 मध्ये लेन 100 गिगाबिटची झाली आणि स्विच 51.2 टेराबिटचा. एनव्हिडियाचा स्पेक्ट्रम-4 आणि सिस्कोचा सिलिकॉन वन जी200 याच पिढीतले. हल्लीची 400 गिगाबिटची कार्डे 100 च्या चार लेन वापरतात. तांब्याची केबल निव्वळ तार असते, ती लेनची संख्या बदलू शकत नाही. कार्डाच्या चार लेन स्विचच्या चार लेनना भेटल्या, दोघांना जमेल असा वेग 50, म्हणून 200.

ऑप्टिकल मॉड्यूलमध्ये हे रूपांतर करणारी चिप बसवता येते, त्यामुळे मार्ग निघाला, पण तो बजेटमध्ये नव्हता. मॉड्यूल घेतानाही पुन्हा दोन ठिकाणी अडलो असतो. कार्डाच्या खाचेत वरून सपाट असलेलेच मॉड्यूल बसते. स्विचसाठी मिळणारे डोक्यावर उष्णता सोडणाऱ्या पात्या असलेले मॉड्यूल तिथे शिरतच नाही. दुसरे म्हणजे फायबरचे टोक. डीआर4 जातीच्या मॉड्यूलला आठ अंशांत तिरके घासलेले टोक लागते. जुन्या कामांतली सरळ घासलेल्या टोकाची फायबर बऱ्याचदा गोदामात पडून असते. ती लावली तरी कधी कधी लिंक लागते, दिवा हिरवा दिसतो. पण प्रकाश परत उलटतो, चुका वाढतात आणि महिनाभराने कुणीतरी जीपीयूला शिव्या घालत बसतो.

यावरून पहिला सल्ला. कोटेशनमध्ये फक्त वेग लिहून घेऊ नका. लेन किती आणि किती वेगाच्या, दोन्ही टोकांच्या खाचेचा प्रकार, मॉड्यूल सपाट की पात्यांचे, फायबरचे टोक तिरके की सरळ हे सगळे एका ओळीत, दोन्ही बाजूंसकट लिहून घ्या. टॉमहॉक 6 ची 102.4 टेराबिटची पिढी 200 गिगाबिटच्या लेनसह आली आहे, तेव्हा हाच घोळ एक पायरी वर चढून पुन्हा होणार आहे.

मागची बाजू गरम असते

जीपीयू सर्व्हरची नेटवर्क कार्डे मागच्या बाजूला असतात, म्हणजे गरम हवेच्या गल्लीत. केबल आखूड राहावी म्हणून स्विचचे पोर्टही तिकडेच तोंड करून बसवतात. मग स्विचने थंड हवा वीजपुरवठ्याच्या बाजूने ओढून पोर्टच्या बाजूने बाहेर टाकली पाहिजे. आमच्याकडे आलेले स्विच उलटे होते. पोर्टच्या बाजूने हवा ओढणारे. चार सर्व्हरची रॅक 40 किलोवॉटच्या घरात वीज खाते. तिच्या पाठीमागची हवा स्विच पोटात घेऊ लागला आणि पंखे पूर्ण वेगाने किंचाळू लागले.

पंखे आणि वीजपुरवठे बदलून मिळाले, कारण त्या मॉडेलमध्ये ती सोय होती. प्रत्येक मॉडेलमध्ये असतेच असे नाही. पंख्याच्या खटक्याच्या रंगावरून दिशा ओळखायची पद्धत आहे, पण रंगाचा अर्थ कंपनीगणिक बदलू शकतो. म्हणून ऑर्डरमध्ये दिशा शब्दांत लिहा: हवा कुठून आत, कुठून बाहेर. विजेचा हिशेब करताना मॉड्यूलही धरा. 800 गिगाबिटचे एक मॉड्यूल साधारण 15 वॉट खाते. 64 पोर्ट भरले की स्विचच्या स्वतःच्या विजेवर आणखी किलोवॉटभर चढले.

दर वेळी वेगळा आकडा

आता खरा प्रश्न. ऑप्टिकल मॉड्यूल घेऊन सगळ्या लिंक 400 वर लागल्या, चुकांचे काउंटर स्वच्छ होते, आणि तरीही प्रशिक्षण रखडत होते.

एआयचे प्रशिक्षण चालू असताना सगळे जीपीयू आपापला हिशेब करतात आणि मग एकाच वेळी एकमेकांना निकाल कळवतात. ही देवाणघेवाण पुरी होईपर्यंत पुढचे पाऊल पडत नाही. म्हणजे सगळ्यांचा वेग सर्वांत मंद लिंक ठरवते. पंक्तीत शेवटच्या माणसाचे जेवण होईस्तोवर कुणी उठायचे नाही, असा प्रकार. सरासरी वापराचा आलेख इथे काहीच सांगत नाही.

मोजायला आम्ही एनसीसीएलची, म्हणजे जीपीयूंमधली ही देवाणघेवाण चालवणाऱ्या लायब्ररीची, ऑल-रिड्यूस चाचणी घेतली. हिशेब सोपा आहे: 400 गिगाबिट म्हणजे सेकंदाला 50 गिगाबाइट, आठ कार्डांचे 400. साध्या रिंगच्या, म्हणजे जीपीयूंनी वर्तुळात एकमेकांना निकाल देत जाण्याच्या, पद्धतीत ही वरची मर्यादा. प्रत्यक्षात त्याहून थोडे कमी यावे. आमच्याकडे कधी तीनशेच्या वर, कधी दोनशेच्या खाली. यंत्रे तीच, आज्ञा तीच, आकडा दर वेळी वेगळा. ही खूण लक्षात ठेवा. बिघडलेली केबल नेहमी त्याच जागी त्रास देते. आकडा दर वेळी बदलत असेल तर संशय वाटा वाटून देण्याच्या पद्धतीवर घ्यावा.

खालच्या स्विचपासून वर जायला 32 वाटा होत्या. कोणता प्रवाह कोणत्या वाटेने जाईल हे स्विच पॅकेटवरच्या पत्त्यांवरून एक गणित करून ठरवतो आणि मग तो प्रवाह तीच वाट धरून राहतो. हजारो लहान प्रवाह असले की विभागणी आपोआप समान होते, म्हणून बँकेत हे उत्तम चालते. एआयमध्ये प्रवाह मोजके आणि प्रत्येक अवाढव्य. एका रॅकमधून प्रत्येक रिंगचा एक, असे आठच मोठे प्रवाह बाहेर पडतात असे धरू. आठ प्रवाह, 32 वाटा. तरी कोणतेही दोन एकाच वाटेवर न येण्याची शक्यता जेमतेम 39 टक्के आहे. आठही रॅकमध्ये एकाच वेळी नशीब चांगले निघण्याची शक्यता दोन हजारांत एक. दोन प्रवाह एका वाटेवर आले की त्या दोघांचा वेग अर्धा, आणि त्यांच्यामुळे 256 जीपीयूंचा अर्धा. बाजूला चोवीसहून अधिक वाटा रिकाम्या.

हा अनुभव मोठमोठ्यांनाही आलेला आहे. मेटाने 2024 मध्ये सिगकॉम परिषदेत आपल्या इथरनेट क्लस्टरांविषयी निबंध मांडला, त्यात हीच तक्रार आहे. एकेक प्रवाह अनेक तुकड्यांत फोडून गणिताला अधिक विविधता मिळवून देणे, हा त्यांचा एक उपाय.

आम्ही आधी केबलची मांडणी बदलली. रॅकचे सर्व्हर रॅकच्या स्विचला जोडण्याऐवजी सर्व 32 सर्व्हरचे पहिले कार्ड पहिल्या स्विचला, दुसरे दुसऱ्याला, असे आठव्यापर्यंत. याला रेल मांडणी म्हणतात. एकाच क्रमांकाच्या जीपीयूंमधली बोलणी आता एका स्विचच्या आतच मिटतात, वरच्या थराला जावेच लागत नाही. क्रमांक बदलायचा असेल तर तो सर्व्हरच्या आत, जीपीयूंना जोडणाऱ्या वेगवान एनव्हीलिंकवरून बदलतो. आकडा चढला, आणि त्याहून महत्त्वाचे, स्थिर झाला.

रेल मांडणीत केबल रॅकबाहेर जातात, अंतर वाढते, तांबे पुरत नाही. आमच्या हाती आता ऑप्टिकल मॉड्यूल होते म्हणून हे जमले. तांब्याच्या केबल लागल्या असत्या तर त्यांनी आम्हाला रॅकच्या मांडणीत जखडून ठेवले असते. केबलचा निर्णय हा मांडणीचा निर्णय असतो, आणि तो स्विचच्या आधी घ्यावा लागतो.

आमच्यासारखे निम्मे पोर्ट वरच्या थराला दिलेले असतील तर 256 च्या पुढे गेलात की वरचा थर टळत नाही. तेव्हा विक्रेत्याला विचारा: वाटा कशा वाटता? उत्तरे साधारण तीन प्रकारची येतात. पहिले, गर्दी पाहून प्रवाहाची वाट बदलणारा स्विच. दुसरे, प्रत्येक पॅकेट वेगळ्या वाटेने उधळणारा. यात पॅकेटे मागेपुढे पोचतात, म्हणून ती सांभाळून घेणारे कार्ड लागते. एनव्हिडियाच्या स्पेक्ट्रम-एक्समध्ये स्विच आणि कार्ड जोडीने येतात ते यासाठीच. तिसरे, पॅकेटचे लहान तुकडे करून स्विचांच्या जाळ्यातच सगळीकडे वाटणारी आणि पलीकडे पुन्हा जोडून देणारी पद्धत, जशी ब्रॉडकॉमच्या जेरिको3-एआयची. हिला खास कार्ड लागत नाही, पण किंमत आणि गुंतागुंत वाढते. तुमचे कार्ड कोणते, यावर यातले कोणते उत्तर तुमच्या कामाचे हे ठरते.

गळती कुठे होते

या जाळ्यावर डेटा थेट एका यंत्राच्या स्मृतीतून दुसऱ्याच्या स्मृतीत जातो. आमच्या बोलीत याला 'रॉकी' म्हणतात. एखादे पॅकेट गळाले तर त्याला ते महागात पडते, म्हणून दोन बंदोबस्त असतात. रांग वाढू लागली की पॅकेटवर खूण करून पाठवणाऱ्याला हळू व्हायला सांगणे, हा ईसीएन. अगदीच भरत आले की मागच्याला 'थांब' म्हणणे, हा पीएफसी.

स्विचवर दोन्ही चालू होते. तरी पॅकेटे गळत होती आणि 'थांब' म्हटल्याचा काउंटर शून्यावर. शून्य पाहून विक्रेत्याचा इंजिनिअर खूश होता, आम्ही काळजीत. गळती आहे आणि थांबवणे नाही, याचा अर्थ हे बंदोबस्त ज्या राखीव रांगेला लावले होते तिच्यात माल येतच नव्हता. सर्व्हरवर एनसीसीएलला ट्रॅफिक क्लास सांगितलेलाच नव्हता. पॅकेटे बिनखुणेची निघत होती आणि स्विच त्यांना सामान्य रांगेत टाकत होता. एका ओळीचा बदल होता, पण सर्व्हरची टीम आणि नेटवर्कची टीम एका टेबलावर बसेपर्यंत तो कुणालाच दिसला नाही.

पीएफसी लावला की झाले, असेही नाही. एका बिघडलेल्या कार्डाने 'थांब'चा मारा केला की सगळे जाळे गारठू शकते, हे मायक्रोसॉफ्टने 2016 मध्येच लिहून ठेवले आहे. म्हणून असा मारा ओळखून तोडणारी पहारा-सोय स्विचमध्ये हवी. उलट मेटाने 400 गिगाबिटच्या जाळ्यावर ईसीएनवर चालणारे नेहमीचे वेगनियंत्रण बंद ठेवून ते काम वरच्या सॉफ्टवेअरकडे दिले. सर्वांना लागू पडेल अशी सेटिंग नसते. तुमच्या कार्डाच्या मॉडेलसह, तुमच्या सॉफ्टवेअर आवृत्तीवर तपासलेली सेटिंग विक्रेत्याकडून लेखी मागा.

बफरबद्दल थोडक्यात. टॉमहॉक 5 मध्ये तो 165 मेगाबाइट आहे. सगळे पोर्ट भरून वाहत असतील तर सुमारे 26 मायक्रोसेकंदांचा माल. गिगाबाइटमध्ये बफर देणारे स्विचही मिळतात, महाग असतात. प्रशिक्षणाच्या खालच्या थराला मी लहान बफर आणि चांगले वेगनियंत्रण पुरेसे समजतो. मोठा बफर वरच्या थराला, स्टोरेजला किंवा दोन इमारती जोडायला. मेटाच्या 24 हजारांहून अधिक जीपीयूंच्या इथरनेट क्लस्टरमध्ये रॅकवर लहान बफरचे वेज400 आणि मिनिपॅक2, तर वर मोठ्या बफरचे अरिस्टा 7800 होते. तेवढ्याच आकाराचे दुसरे क्लस्टर त्यांनी इन्फिनिबँडवर उभारले. तेव्हा 'इथरनेटवर होत नाही' किंवा 'इथरनेटवरच होते' या दोन्ही टोकांच्या बोलण्याकडे दुर्लक्ष करा.

मोठा स्विच की जास्त स्विच

64 पोर्टच्या स्विचवर दोन थरांत, कोंडी न करता, जास्तीत जास्त 2,048 टोके जोडता येतात. 51.2 टेराबिटचा स्विच 400 चे 128 पोर्ट म्हणून वापरला तर तेच 8,192. दोन वर्षांनी तुम्ही 2,048 ओलांडणार असाल तर आज मोठा स्विच स्वस्त. तिसरा थर म्हणजे आणखी स्विच, आणखी मॉड्यूल, आणखी वीज. ओलांडणार नसाल तर मोठ्या स्विचमध्ये एक धोका आहे: तो पडला की एका फटक्यात जास्त सर्व्हर पडतात.

आणि बिघाड होतातच. मेटाच्या लामा 3 या मॉडेलच्या प्रशिक्षणात 16,384 जीपीयूंवर 54 दिवसांत 419 अनपेक्षित खोळंबे झाले, त्यांपैकी 35 स्विच आणि केबलमुळे, असे मेटानेच प्रसिद्ध केले आहे. वॉरंटीवर भरवसा ठेवा, पण भाग बाहेरून येणार असेल तर विमान आणि कस्टम या दोघांच्या वेळापत्रकावर तुमचे जीपीयू बसून राहतील. जीपीयूच्या एका दिवसाच्या भाड्याशी तुलना केली तर कपाटात ठेवलेला एक जादा स्विच आणि मूठभर मॉड्यूल महाग वाटत नाहीत.

'अल्ट्रा इथरनेट रेडी' हे लेबल आता सर्रास दिसते. या मानकाची पहिली आवृत्ती जून 2025 मध्ये आली. त्यातले कोणते काम, कोणत्या सॉफ्टवेअर आवृत्तीत, कोणत्या तारखेला मिळणार एवढे लिहून देणाऱ्याच्याच लेबलला किंमत द्या.

क्रम असा ठेवा

आधी काम ठरवा: किती जीपीयू, एकच मोठे प्रशिक्षण की अनेक लहान, दोन वर्षांत किती वाढ. मग कार्ड आणि त्याच्या लेन. मग मांडणी, रेलची की रॅकची, कारण केबलची लांबी त्यातून निघते. मग केबल आणि मॉड्यूल, टोकांसकट. मग हवेची दिशा आणि वीज. मग वाटा वाटण्याची पद्धत आणि ती तुमच्या कार्डाला झेपते का.

निविदेत स्वीकृती चाचणी घाला आणि पैशांचा मोठा हप्ता तिला बांधा. दोन सर्व्हर, मग एक रॅक, मग सगळे. ऑल-रिड्यूस वेगळी, प्रत्येकाने प्रत्येकाला डेटा पाठवायची ऑल-टू-ऑल वेगळी. दिवसभर चालवा. सर्वोत्तम आकडा बाजूला ठेवा, सर्वांत वाईट आकडा मागा आणि दोघांतले अंतर किती चालेल ते आधीच ठरवा. चाचणी चालू असताना एक केबल उपटा आणि काय होते ते पाहा. गळती, थांबवणे, खुणा आणि दुरुस्त झालेल्या चुका हे काउंटर दर काही सेकंदांनी बाहेर काढता येतात का, तेही तिथेच तपासा.

एवढे कागदावर आले की स्विचची दोन-तीनच मॉडेले शिल्लक राहतात. मग मात्र खुशाल घासाघीस करा.